लंगडणं

धोंडी ते गंगाखेड, खांद्यावर पाना नि हातोडा.
रुळापासून दीड हातावर, खडीत,
चार अंडी. खडीच्याच रंगाची.
पहिल्या वर्षी माझा बूट वरच्या वर थांबला.

तेव्हापासून मी दिसलो की टिटवी
मोडला पंख घासत निघते
बाभळीकडं,
मधेच वळून बघते, येतोय ना हा?
मी जातो. दहा पावलं. तिचा मान म्हणून.

तरन्नुम परळीला बी.एस्सी. करते. म्हणाली,
अब्बा, तिला कुणी शिकवलं नाही.
ज्या लंगडल्या नाहीत
त्यांची अंडी कोल्ह्यांनी खाल्ली.
उरलं ते हे लंगडणं.
म्हणजे कोल्हाच मास्तर, मी म्हटलं.

गाडीपुढं मात्र ती लंगडत नाही.
चरत आलेल्या म्हशीपुढं राहावं तशी
दोन्ही पंख पसरून उभी, तोंड इंजिनाकडं.
नांदेडची आख्खी गाडी
तिला वळसा घातल्यासारखी निघून जाते.
धूळ बसते. ती पंख मिटते.
रोज जिंकते.

काल पाथरीहून खाला आल्या, दोघी-तिघींना घेऊन.
चहा झाला. "पोरीचं काय ठरवलंय?"
तशी बायको उठली, गुडघा धरून,
"ह्या गुडघ्यानं तर बाई..." म्हणत
सगळ्यांना आपल्या मागं मागं
पार लातूरच्या डॉक्टरपर्यंत घेऊन गेली.
आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज.

आज पहाटे मी उठायच्या आत
दोन घागरी भरून आली होती ती,
टेकडीखालच्या हापशावरून.