वायसर

तीन दिवस नळ गळतोय.
थेंब म्हणावं तर सलग,
धार म्हणावं तर तिलाच लाज वाटेल
अशी एक बारीक तार,
रात्रभर सिंकमध्ये काहीतरी मोजत बसलेली.
खाली पातेलं ठेवलं. सकाळी काठोकाठ.
त्याच पाण्यात डाळ लावली आणि ठरवलं,
सुट्टी आहे, आज बघूच.

पेडण्याहून बदली होऊन कुडतरीला आलो तेव्हा
वरचा मजला देताना इस्पेरान्सबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या:
दुपारी दोन ते चार जिना वाजवायचा नाही,
आणि नळ हातानं बंद करायचा, रागानं नाही.
मी बहुधा रागानंच करत आलो.
न तपासलेल्या वह्या, खात्याची परिपत्रकं,
सगळं त्या एवढ्याशा चकतीवर दाबून.

सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं.
आतला कॉक गंजून बसलेला.
खोबरेल सोडलं, थांबलो.
चर्चची बाराची घंटा होऊन गेली.
मग तो फिरला,
पाढा न येणारं पोर उभं राहतं तसा,
आधी तसूभरही नाही, मग एकदम.

वरची टोपी, स्क्रू, मूठ.
पितळेवर पान्ह्याचे दात उमटू नयेत म्हणून जुना बनियन गुंडाळला.
स्पिंडल बाहेर आला, त्याच्या टोकाशी तो:
काळा, कडक,
एकाच जागी वर्षानुवर्षं दाबला गेल्याची
गोल खाच अंगावर घेऊन.

दुकान चारशिवाय उघडणार नाही.
स्पिंडल वाटीभर माडाच्या विनागरात बुडवला.
साचलेला चुना फसफसत सुटू लागला,
आणि हातातून निसटलेला नट शोधायला
मी टॉर्च घेऊन पुन्हा कपाटात.

दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिल.
तारखा. रोमी अक्षरं, घाईनं पुढे झुकलेली.
मार्स ७९, चाळीस पैसे.
आगोस्त ८१, साठ.
हा कायतान, बाईंचा नवरा.
मी त्याला फक्त खालच्या सालातल्या फोटोत पाहिलेला,
कोट घालून, पाण्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा.

मध्येच चार ओळी वेगळ्या हाताच्या.
उभी, मोठी अक्षरं,
पेन्सिल इतकी दाबलेली की लाकडात रुतलीय.
८६. ८७. ८९. पुन्हा ८९.
किंमत कुठेच नाही.
त्यानंतर परत तोच झुकलेला हात,
२०११ पर्यंत.
मग नुसतं लाकूड.

चार वाजता पोलिकार्पनं जुना वायसर नखावर फिरवून पाहिला.
'अर्ध्या इंची. दोन न्या, मास्तर.
एक लावायला, एक हरवायला.'

टेफलॉनची पट्टी पहिल्यांदा उलटी गुंडाळली,
आट्यांनी ती पिळून बाहेर टाकली.
दुसऱ्यांदा सुलटी.
कॉक सोडला. नळ खोकला, दोनदा,
तांबूस पाणी थुंकला, मग निवळ.
बंद केला. हातानं.
एक थेंब आला.
मी उभाच.
दुसरा आला नाही.

पाइपातल्या गुरगुरीवरून बाईंना खाली कळलंच होतं.
गुडघ्यावर हात टेकत वर आल्या,
नळाकडे पाहिलं नाही, वाकून थेट दारच पाहिलं.
त्या चार ओळींवर मी टॉर्च धरला.
'तेन्ना तो बाहरेनांत,' म्हणाल्या.
आणि थोड्या वेळानं,
'नळाक कितें खबर?'

२०११ च्या खाली मी देवनागरीत तारीख घातली.
पेन्सिल ठेवणार, तेवढ्यात त्या जिन्यावरून ओरडल्या,
'मोल बरय, मास्तर! तो मोल बरयतालो.'

लिहिलं: बारा रुपये, दोन्हींचे.

दुसरा कुठे ठेवला
ते आत्ताच आठवत नाहीये.