एप्रिलपर्यंत खणू नका

किल्ल्या हातात देताना म्हातारा एवढंच म्हणाला:
एप्रिलपर्यंत खणू नका.
बॉयलरबद्दल अवाक्षर नाही, गळक्या पन्हळीबद्दल नाही.
ब्रेथवेट त्याचं नाव. नोव्हेंबर होता.
मुलीच्या गाडीत बसला, पट्टा लावायला त्याला वेळ लागला,
आणि ओट्लीच्या उतारावरून गाडी खाली गेली.

मागे उरला खोलीएवढा मातीचा तुकडा,
काळा, ओला, वर कुजकी पानं,
कोपऱ्यात पालथी बादली, बादलीवर वीट.
ऋजुता म्हणाली, बाबा, इथे काहीच नाहीये.
मलाही तसंच वाटत होतं, पण बोललो नाही.

डिसेंबर गेला. जानेवारी मात्र
निघालो निघालो म्हणत, पायात चपला सरकवून,
दारातच बोलत उभा राहिला.
लायब्ररीच्या कार्डाने मी गाडीची काच खरवडत होतो,
अंधारात जात होतो, अंधारात येत होतो.

मग एका मंगळवारी घरी पोचलो
तर मोबाइलचा दिवा न लावता कुलपाचं भोक दिसलं.
बस्स, एवढंच. सव्वापाच वाजले होते.
कुणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं, तरी सांगितलं.
शर्वाणी कांदा चिरत होती. म्हणाली, हं.

शनिवारी कुंपणाशी पांढरे कपटे पडलेले.
उचलायला वाकलो
तर कपट्याला देठ होता.
शेजारच्या डोरीनने पलीकडून नाव सांगितलं, स्नोड्रॉप.
कुमुदमावशीला फोटो पाठवला,
संगमेश्वरहून उलट प्रश्न आला: वास आहे का?
परत बाहेर गेलो, गुडघे टेकले, पायजमा भिजला,
नाक पार मातीला लावलं.
आहे.
मधाचा नाही,
मध ठेवलेली बरणी धुतल्यावर तिला उरतो तेवढा.

तेव्हापासून खोड लागली.
चहाचा कप घेऊन रोज एक फेरी.
मातीला तडा, तड्यात सुरणाच्या डोळ्यासारखं तांबूस टोक.
दुसऱ्या दिवशी वीतभर अंतरावर दुसरं.
मग तिसरं, चौथं, आणि अरे,
ही तर ओळ आहे!
दोरी धरून लावलेली. म्हणजे
ऑक्टोबरात केव्हातरी, दुखऱ्या गुडघ्यांनी,
घर विकायचं ठरल्यावर,
बहुधा कागदांवर सह्याही झाल्यावर.

ओळीत एका जागी काही उगवलं नाही.
खारीने नेलं असेल, डोरीन म्हणते.
मला वाटतं, तिथे तो थोडा वेळ नुसताच बसला असेल.

हे सगळं म्हणजे वसंत की नाही, यावर घरात एकमत नाही.
काल पुन्हा गारा पडल्या.
पहाटे पाचलाच तो पिवळ्या चोचीचा काळा पक्षी
ॲन्टेनावर बसून सुरू होतो, ऋजुता डोक्यावर उशी घेते.
कढीलिंबाने खिडकीतल्या कुंडीत
अजून काही मनावर घेतलेलं नाही.

राहिली बादली.
खणू नका म्हणाला होता, उचलू नका असं नव्हे.
आज वीट बाजूला केली.
आत दोन गोगलगायी, कोंडलेला ऊबदार वास,
आणि अंधारातच वाढलेले गुलाबी देठ,
डोक्यावर चुरगळलेली पिवळी पानं,
खिशात राहून धुतल्या गेलेल्या नोटेसारखी.
रुबार्ब, डोरीन म्हणाली. साखर सढळ हाताने घाला.

ऋजुता शेजारी उकिडवी बसली.
त्यांना कळवायचं का?
नंबर कुठाय आपल्याकडे, मी म्हणालो.

बादली पुन्हा पालथी घातली, वर वीट,
होती तशी नाही, जरा तिरकी बसली.
दारामागे नवं फावडं उभं आहे,
दांड्यावर दुकानाचं लेबल तसंच.
एप्रिलला अजून सतरा दिवस.