प्रगतीचा तक्ता

बालवाडीतून तक्ता आलाय, उद्या भरून द्यायचा.
अंबडहून सेकंड करून आले, साडेबारा वाजलेत,
पाथर्डी फाट्यावर कुत्री भुंकतायत.
ओट्यावरच कागद उलगडला.

स्वतः बटणं लावते का?
ठाऊक नाही. सकाळी मीच लावते, घाईत.

रंग ओळखते का?
वायरींचे ओळखते. लाल फेज, काळी न्यूट्रल,
हिरवीला ती 'जमीन' म्हणते.

वार सांगते का?
जुईच्या आठवड्यात तीनच वार :
फर्स्ट, सेकंड, नाईट.
नाईट तिचा लाडका. दिवसभर आई घरात,
झोपलेली का असेना.

इतर मुलांत मिसळते का?
कुसुमवहिनी सांगतात, कंपनी-कंपनी खेळते.
द्राक्षाचे मणी ताटात मांडते,
ओके इकडे, रिजेक्ट तिकडे,
रिजेक्ट स्वतः खाते.
परवा शेजारच्या प्रणीतला म्हणाली,
"मध्ये बोलू नको, लाईन चालू आहे."
हे वाक्य माझं.
तिला कधी म्हटलं, आठवत नाही.
म्हटलं असणार.

शेवटी, पालकांचा अभिप्राय.
दोन ओळी सोडल्यात. दोन पुरतात का,
की दोन जास्त होतात?

आत डोकावले.
माझा जुना युनिफॉर्मचा शर्ट घालून झोपलीय,
गुडघ्यांच्या खाली आलेला.
बटणं गळ्यापासून शेवटपर्यंत लावलेली,
सगळी एकेक घर सरकून.
वहिनी असं लावणार नाहीत.

पहिल्या प्रश्नाशी परत आले.
लिहिलं : लावते.
एक घर चुकतं,
ते मात्र लिहिलं नाही.