मधले अकरा महिने

कोठीच्या नाक्यावर झाडाखाली टेबल टाकून बसलेला नोटरी
माझ्या आडनावांकडे बघतो, मग माझ्याकडे.
जन्मदाखल्यावर खानविलकर, मार्कशीटवर खानवेलकर,
पासपोर्टात व-ला कुणीतरी डबल्यू लावलेला.
"त्रणे तमे ज?"
हो, तिन्ही मीच.
स्टँपपेपरवर तो तसं लिहून देतो, शिक्का मारतो.
आता मी शपथेवर एकच बाई.

अर्ज मात्र दोन.
एक कामाच्या परमिटचा: मकरपुऱ्यात नऊ वर्षं ट्रान्सफॉर्मर तपासले,
आता दोन वर्षं कॅनडातले तपासीन,
मुदत संपली की निघेन, असं लिहून दिलंय.
दुसरा कायमच्या वास्तव्याचा.
त्यात लिहिलंय, निघणार नाही.
सही दोन्हींवर एकाच पेनाची.
अलकापुरीतला एजंट म्हणाला, चालतं बेन,
कायद्यात दोन मनं ठेवायची सोय आहे.
इतका समजूतदार कायदा मी आधी पाहिला नव्हता.

दहा वर्षांचे पत्ते लिहा. हे सोपं होतं.
दांडिया बाजार, दांडिया बाजार, दांडिया बाजार.
पणजोबांचे आजोबा कुणाच्या तरी दफ्तरात कारकुनी करायला
बैलगाडीतून इथवर आले.
किती दिवसांसाठी, असं त्यांना कुणी विचारलं होतं का, ठाऊक नाही.
पाच पिढ्या झाल्या,
कोकिळाबेनच्या सासूबाई शेवटपर्यंत आम्हाला दक्षिणी म्हणायच्या.
रागाने नाही. दिशा सांगितल्यासारखं.

नोकऱ्या लिहा. एकही महिना मोकळा नको.
इथे अडलं.
मध्ये अकरा महिने, रकाना रिकामा.
बेकार लिहा, एजंट म्हणाला.
लिहिलं. खोडलं.
त्या अकरा महिन्यांत मी बाबांचा उजवा हात होते, अगदी शब्दशः:
लेंग्याची नाडी, दाढी, चमचा,
सकाळी एक शब्द, संध्याकाळी पुन्हा तोच.
खिडकी. घड्याळ. वत्सला, म्हणजे आई.
चौथ्या महिन्यात जीभ वळली आणि ते म्हणाले,
पाणी.
आई रडली. मी तांब्या आणायला धावले.
खूप नंतर लक्षात आलं,
मराठीत पाणी, गुजरातीतही पाणीच.
बाबा नक्की कुठल्या भाषेत परतले
ते आम्हाला कळलंच नव्हतं.

याला पुरावा कुठला जोडायचा?

रावपुऱ्याच्या ठाण्यातून पोलीस आला
तेव्हा मी वजनकाट्यावर बॅग धरून उभी होते.
तेवीस किलो, त्यात दोन किलो लीला चिवडा, आईच्या हट्टाचा.
समोरच्या जिन्यात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या कोकिळाबेनना
त्याने विचारलं,
"आ बेन अहीं ज रहे छे ने?"
"जन्मथी," त्या म्हणाल्या, पदराला हात पुसून सही ठोकली.
माझं तिकीट पुढल्या मंगळवारचं.
इथला माझा मुक्काम
कागदावर इतका पक्का कधीच नव्हता.

रात्री भावाने रेशनकार्ड काढलं.
"ताई, नाव कमी करून टाकू ना? मामलतदार कचेरीत जावं लागेल,
गुरुवारी मी मोकळा आहे."
कार्डावर माझ्या आडनावाचं चौथंच रूप.
हे नोटरीला दाखवायचं राहूनच गेलं होतं.
पलंगावरून बाबा हात हलवत होते, डावा.
आम्हाला वाटलं, पाणी हवंय.
आई उठलीसुद्धा.
"राहू दे," ते म्हणाले,
तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून, पण स्पष्ट,
मराठीत.

भावाने कार्ड गॅसच्या पुस्तकात सरकवलं.
त्याचा गुरुवार मोकळाच राहिला.