ई, शून्य, चार

खेडला कुणाला पटत नाही
की मस्कतच्या पुढे एक डोंगर आहे
जिथे जानेवारीत नळाच्या तोंडाला बर्फ धरतो.
गल्फ म्हणजे ऊन, असं त्यांनी ठरवून टाकलंय.
मी वाद घालत नाही.

फोन आला रात्री साडेआठला, जबल अख्दरवरून.
झुवैना आजींचा नातू.
"बॉयलरवर आकडे लुकलुकतायत. ई, शून्य, चार.
अकरा वेळा रीसेट दाबलं."
अकरा वेळा.

आकड्याचा अर्थ मी फोनवर सांगत नाही.
एका कंपनीचा चार म्हणजे पाणी कमी,
दुसरीचा चार म्हणजे धूर कोंडलाय,
तिसरीच्या पुस्तकात चार नंबरचं पानच नाही.
मी आधी माणसांचं विचारतो.
वास येतोय?
"नाही."
कुणाचं डोकं दुखतंय?
पलीकडे कुजबूज.
"आजीचं. दुपारपासून. थंडीने असेल."

मग माझा आवाज चढला,
गिऱ्हाइकाशी चढू नये एवढा.
बटन सोड. सिलिंडरचा कॉक बंद कर.
दारं-खिडक्या सताड उघड आणि सगळे अंगणात या,
आजीला घोंगडीसकट उचल.
हो, थंडी आहे. असू दे.
दवाखान्याला फोन कर, लगेच.
गळणारा गॅस नाकाला सांगून येतो रे बाबा,
हा दुसरा सांगत नाही.

बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलिसाने टायर बघितले,
माझा चेहरा बघितला, जा म्हणाला.
वर सगळा रस्ता दुसऱ्या गिअरवर.

आजी डाळिंबाच्या उघड्या झाडाखाली बसल्या होत्या,
नाकावर मास्क, शेजारी नर्स.
मला बघून मास्क खाली ओढला
आणि विचारलं, जेवलास का?
नर्सने मास्क परत वर केला.

घराच्या मागे, भिंतीतून धूर बाहेर नेणारा पाइप.
त्यात बासमतीचं पोतं, गच्च कोंबलेलं.
माळीबाबा मान खाली घालून म्हणाला,
वारा शिरला की पाइप शीळ घालायचा, आजींना झोप लागत नव्हती.
मायेनेच कोंबलं होतं.
त्याला काय बोलणार?

पोतं ओढून काढलं.
बॉयलरला आपला श्वास कोंडलेला कळला होता,
म्हणून तो स्वतःहून विझला,
विझून, जमेल तेवढ्या अक्षरांत, सांगत राहिला.
आणि घरातल्यांनी त्याला अकरा वेळा गदागदा हलवून उठवलं.
तरी चालू करून दिला नाही मी.
उद्या पूर्ण तपासल्याशिवाय नाही, म्हटलं.
नातू म्हणाला, मग आंघोळ?
चुलीवर तापव.

उतरताना, अर्ध्या घाटात,
स्टीअरिंगवरचे हात एकदम गार पडले.

आमच्या न्हाणीत गॅसचा गिझर आहे.
पहिल्या सुट्टीत आणलेला, चिपळूणहून, माझ्या हाताने बसवलेला.
न्हाणीला एकच झरोका.
शेजाऱ्यांच्या गच्चीवरून दिसतं म्हणून त्यावर फळी मारली,
तीही मीच.
त्या गिझरला पडदा नाही, आकडे नाहीत.
त्याला काही म्हणायचं असेल तर तो म्हणणार कसा?
आणि तहूरा पहिल्या एस.टी.साठी साडेपाचला न्हाणीत शिरते,
आतून कडी, अर्धा तास.

गाडी कडेला घेतली. इथे साडेतीन, तिथे पाच.
मैमुनाने पहिल्याच रिंगला उचलला.
"कोण गेलं?"
या वेळेचा फोन आमच्याकडे एवढ्याचसाठी येतो.
कुणी नाही. गिझर बंद कर.
"काय?"
आधी बंद कर, मग शिव्या दे. झरोक्याची फळी काढ.
आणि गिझर बाहेरच्या भिंतीवर जाईपर्यंत
कुणी त्याला हात लावायचा नाही.

चपलांचा आवाज. तहूराचा झोपाळू, चिडका आवाज.
मग हातोडी.
"कुणी ठोकलीय एवढी घट्ट?"
मी गप्प.

चार खिळे होते.
एक निघाला, करकरत.
दुसरा.
तिसरा कुठे तरी बादलीत पडला, टणकन.
चौथा निघेना.
खाली दरीत कुणाच्या तरी गाडीचे दिवे वळणं घेत वर येत होते.
मी फोन कानाला तसाच धरून होतो.