एक की दोन

मामाने पाठवलेला ग्रंथ ग्रिम्सबीत पोचला
तेव्हा कस्टमवाल्यांनी पार्सलची एक कड फाडून
आत डोकावलेलं दिसत होतं.
त्यांना काय सापडलं कोण जाणे.
मला तीन वर्षांत काही सापडलं नाही.
वर मूळ श्लोक, खाली भाष्य,
त्याखाली भाष्यावरची टीका, आणि तळाला
मुंगीएवढ्या टायपात टीकाकाराशी भांडणारी टीप.
जिना उतरावा तशी उतरत गेले
आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी म्हणालं,
हे तर आपणांस विदित आहेच.

विदित कुठलं!
माझं संस्कृत दहावीचं, मार्क मिळतात म्हणून घेतलेलं.
'अध्यास' या एका शब्दापाशी मी तीनदा बसले
आणि तीनदा उठून भांडी घासली.

मग फ्रीमन स्ट्रीटच्या चॅरिटी शॉपमध्ये,
हजार तुकड्यांचं जिगसॉ ('दोन तुकडे कमी' अशी प्रामाणिक चिठ्ठी लावलेलं)
आणि अंडी उकडायचं भांडं यांच्या मधे,
पन्नास पेन्सचं, चौसष्ट पानांचं,
मुखपृष्ठच नसल्यामुळे कुणाचंच नसलेलं
एक इंग्रजी पुस्तक.
पहिलंच वाक्य:
तुम्हाला यातलं काही ठाऊक आहे असं मी धरलेलं नाही.

कुणीतरी खुर्ची पुढे सरकवावी तसं वाटलं.
बसले मात्र नाही. उभ्यानेच अकरा पानं वाचली.
दोरी नाही, साप नाही, घट नाही, पट नाही.
एक माणूस बसमध्ये बसलाय,
काचेवर धुकं धरलंय,
आणि हा मनात म्हणतोय, थांबलो की उतरून
बाहेरून पुसून घेईन.

मामाला फोनवर सांगितलं.
"सोपं म्हणजे पाणी घातलेलं," मामा म्हणाला.
म्हटलं, तान्ह्याला वरचं दूध पाणी घालूनच देतात ना?
बराच वेळ नुसती खरखर.
मग खाकरून म्हणाला,
"मी तरी कुठे वाचलाय गं.
म्हणून तर तुझ्याकडे पाठवला."

दिवसाला चौदा पेशंट.
अंधारी खोली, समोर उजळलेली अक्षरं,
आणि माझा तोच प्रश्न, वीस वर्षं तोच:
हे नीट दिसतं की हे?
एक... की दोन?
लोक घाबरतात. चुकलं तर आंधळे होऊ असं वाटतं त्यांना.

मिस्टर ब्लँचर्ड घाबरत नाहीत.
उभं आयुष्य आइसलँडच्या पाण्यात कॉड धरला,
आता मोतीबिंदू धरलाय.
एक... की दोन?
"परत दाखव."
एक... की दोन?
"अगं पोरी, दोन्ही एकच आहे.
काच तू फिरवते आहेस."

माझा हात लेन्सवरच राहिला.
अशा वेळी कागदावर लिहायचं असतं: फरक नाही.
मी लिहिलं.
शेजारच्या खोलीत कुणीतरी प्रिंटरला शिव्या घालत होतं.

जाताना त्यांच्या हातात ते पुस्तक का दिलं
मला सांगता येणार नाही.
माझं स्वतःचं एकोणतीस पानांपर्यंतच झालं होतं.
पंधरा दिवसांनी नवा चष्मा न्यायला आले,
पुस्तक ब्रेडच्या पिशवीत, खाऱ्या वाऱ्याच्या भीतीने दोन गाठी मारलेलं.
कसं वाटलं?
"माणूस भला दिसतो," म्हणाले.
"पण अक्षर फार बारीक."
नवा चष्मा लावला, काढला,
शर्टाच्या टोकाने आधी आतून पुसला.

ते गेल्यावर गाठी सोडवल्या.
एक्केचाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.
तिथे मी अजून पोचले नव्हते.