अधिक अधिक अधिक

शेरगाझीच्या घोडीवरून बॅटरी वर आली, मी मागून पायी.
तळं हिमनदीच्या पायाशी, तिएनशानच्या एका घळीत;
काठावर लोखंडी पेटी, पेटीत मोडेम,
अकरा दिवस मुका.

मुका कसला. दिवा लुकलुकत होता.
डेटाच्या मोडमध्ये अडकून बसला होता:
मी टाइप करीन ते निमूट पुढे ढकलायचा
कुठल्याशा बंद पडलेल्या सर्व्हरकडे.
आज्ञा दिली, तीही वाहून गेली.
नाव विचारलं, तर प्रश्नच रवाना केला.
(अशी माणसं असतात. आमच्या खात्यात दोन आहेत.)

त्याला भानावर आणायची रीत अशी:
एक सेकंद काहीच पाठवायचं नाही.
मग अधिक, अधिक, अधिक. एंटर नको.
मग पुन्हा एक सेकंद काहीच नाही.

"आता गप्प," मी म्हटलं, स्वतःच्या बोटांना.
शेरगाझीनं वाक्य अर्ध्यावर तोडलं,
टोपी काढून छातीशी धरली.
ही शांतता तारेतली, काका, कानांची नव्हे,
सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.
घोडीनं लगाम चावला.
ओके, म्हणाला मोडेम.

सिग्नल नऊ. डेटाला पुरेना.
डेटा बंद केला, मेसेजचा मोड लावला:
दर सहा तासांनी एक एसएमएस, पाण्याची पातळी, बस.
नंबर ऑफिसचा.
"आणि रात्री फुटलं तर?"
त्यानं खाली बोट दाखवलं. तो करडा धोंडा आहे ना,
तिथं त्याची शाळा होती.
मग दुसरा नंबर त्याचा घातला.

पुढच्या जूनमध्ये सिम भरल्याची तक्रार.
यादी मागवली. तीस मेसेज, सगळे एकाच फोनवरून.

मिळालं.
मिळालं. इकडे गारठा आहे.
चार सेंटीमीटर वाढलंस. जपून.
मुलगा येकातेरिनबुर्गहून येणार होता, नाही आला.
काल तुझा निरोप नाही. बायको रात्रभर बसून.
मिळालं. झोप आता.
घोडी व्याली. शिंगरू काळं, एक पाय पांढरा.

तिसाव्यानंतरचे कुठे गेले
ते टॉवरलाच ठाऊक.

पुसायची आज्ञा एका ओळीची.
आधी पेन्सिलीनं उतरवून घेतले,
नोंदवहीत, 'शेरा' या रकान्यात;
रकाना अरुंद, शिंगराचा पाय समासात गेला.
मग पुसले.

तो खाली तंग आवळत होता.
"जागा झाला का?" ओरडून विचारलं त्यानं.
"जागा झाली," मी म्हटलं.